एन्रॉनच्या गावी

गुहागर ते ह्यूस्टन या प्रवासात मला सगळ्यात लांबचा वाटला तो गुहागर ते चिपळूण हा टप्पा. एस.टी.ने जेमतेम दीड तासाचा रस्ता. मोडकाआगर, शृंगारतळी, मार्गताम्हाणे, रामपूर करत गाडी चिपळूणला लागते. आयुष्यभर या रस्त्याने येजा केलेली. पण या वेळी पिशवीत नक्कल मागणीचा अर्ज होता, त्यावर कोर्ट फीचं तिकीट होतं आणि माझ्या नावापुढे 'आरोपी' हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला होता.

लेक ह्यूस्टनला एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते. नात झाल्यावर तिने धोशा लावला, आई ये. व्हिसाचा अर्ज तिनेच तिकडून भरायला घेतला. डीएस-१६० म्हणतात त्याला. नाव, गाव, नोकरी, नवऱ्याचं नाव असली पानं संपली की सुरक्षेची पानं लागतात आणि तिथे फक्त हो किंवा नाही. क्षयरोग आहे का? अमली पदार्थ विकता का? दहशतवाद्यांना पैसे पुरवलेत का? वंशसंहारात भाग घेतलात का? लेक फोनवर वाचत होती आणि माझ्या वतीने स्वतःच 'नाही, नाही' म्हणत पुढे जात होती. मग एका प्रश्नापाशी थांबली. कुठल्याही गुन्ह्यासाठी तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का, नंतर माफी मिळालेली असली तरी सांगा, असा त्याचा मतलब.

"आई," ती म्हणाली, "हे तुझं आहे."

१९९७ साली ती आठ वर्षांची होती. मला गाडीत घातलं तेव्हा ती आजीबरोबर अंगणात उभी होती. तिला ते लख्ख आठवतं, माझ्याहून जास्त.

ज्यांना ते दिवस आठवत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाशिष्ठीच्या खाडीला पलीकडे दाभोळ आणि अलीकडे आमच्या तालुक्यातलं अंजनवेल. वीज प्रकल्पाचं नाव दाभोळचं, जमीन आमच्याकडची. एन्रॉन ही टेक्सासमधल्या ह्यूस्टनची कंपनी. १९९२ साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी तिचा पहिला करारनामा झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत युतीवाल्यांनी एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, सत्तेवर आल्यावर ऑगस्टात प्रकल्प रद्दही केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून परत आणला. दिल्लीत वाजपेयींचं तेरा दिवसांचं सरकार मे १९९६ मध्ये पडायच्या बेतात असताना त्याने जाता जाता जी कामं उरकली, त्यात या प्रकल्पाची प्रतिहमी होती. समुद्रात बुडवायचं सोडून सगळं झालं.

मासेमारीचं काय, आंब्याच्या कलमांचं काय, पाण्याचं काय, आणि एवढी महाग वीज घेणार कोण, हे आमचे प्रश्न होते. अंजनवेल, वेलदूर, रानवी, बोरभाटलेवाडी, काताळवाडी इथल्या बायका मोर्च्यांत सगळ्यांत पुढे असायच्या. मी तेव्हा वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करत होते. पत्रकं लिहून द्यायची, ती मोठ्याने वाचून दाखवायची, हा माझा वाटा. जमावबंदी जवळजवळ कायमचीच होती. मुंबई पोलीस कायद्याचं कलम ३७ लावायचं, ते मोडलं की १३५ खाली खटला. हे आकडे गावातल्या पोरांनाही पाठ झाले होते. मेधा पाटकर आणि निवृत्त न्यायमूर्ती कोळसे पाटील यांनाही अटक झाली, मग आमचं काय घेऊन बसलात! १९९७ च्या ३ जूनच्या पहाटे वेलदूरला जे झालं, पुरुष समुद्रावर गेलेले असताना घरांत शिरून बायकांना धरून नेलं, ते अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या त्याच वर्षीच्या अहवालात आणि पुढे ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात छापलेलं आहे. मी त्यात नव्हते. माझी अटक त्याच उन्हाळ्यातली, साध्या मोर्च्यातली. गाडीत कोंबलं, चिपळूणला नेलं, काही रात्री ठेवलं, सोडलं. तारखा पडत राहिल्या आणि एक दिवस सरकारनेच खटला काढून घेतला.

आमच्याकडे ही गोष्ट कुणी लपवली नाही. लग्नकार्यात माझी ओळख 'या एन्रॉनमध्ये आत गेल्या होत्या' अशी करून देतात आणि पानात श्रीखंड जरा जास्त पडतं.

व्हिसाची कामं करणारा एक एजंट मात्र म्हणाला, "ताई, नाही म्हणून टाका. सत्तावीस वर्षं झाली. तुमचं रजिस्टर काय वॉशिंग्टनला गेलंय?" त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. चिपळूणच्या त्या गाडीत कुणी माझ्या बोटांचे ठसे घेऊन अमेरिकेला पाठवले नव्हते. जावयाने ह्यूस्टनमधल्या एका वकीलबाईंना विचारलं, त्यांनी कायदा समजावून सांगितला. त्यातलं मला समजलं ते असं. नुसती अटक झाली म्हणून अमेरिकेचा कायदा कुणाला अपात्र ठरवत नाही. तो बघतो शिक्षा, नाहीतर कबुली, आणि तीही नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याची, म्हणजे चोरी, फसवणूक, असल्या प्रकारांची. शिवाय निव्वळ राजकीय स्वरूपाचा गुन्हा त्यातून कायद्यानेच वगळलेला आहे. पण अर्जात मुद्दाम खोटं लिहिलं आणि ते पकडलं गेलं, तर त्यासाठी वेगळं कलम आहे आणि ती अपात्रता जन्मभराची. जिच्याबद्दल कुणी अडवणार नाही अशी अटक लपवायची आणि लपवल्याबद्दल कायमचं अडकायचं.

हे सगळं ऐकायच्या आधीच माझं ठरलं होतं. तेव्हा माझ्याबरोबर आत असलेल्या वेलदूरच्या मावशींना मी विचारलं होतं. त्या मासळी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "होय म्हणून लिव. आपण काय चोरी नाय केली."

लेकीने 'हो' वर खूण केली, तर खाली स्पष्टीकरणाची चौकट उघडली. तिथे आम्ही इंग्रजीत तीन वाक्यं लिहिली. शांततेच्या मोर्च्यात जमावबंदीचा आदेश मोडल्याबद्दल अटक. खटला सरकारने काढून घेतला. शिक्षा नाही. मोर्चा कशाविरुद्ध, तिथे लेकीने 'एका वीज प्रकल्पाविरुद्ध' एवढंच घातलं. "कंपनीचं नाव नको," ती म्हणाली, "उगाच." मी वाद घातला नाही.

याला पुरावा हवा म्हणून चिपळूण गाठलं. तिथल्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधला कारकून तिशीतला असेल. त्याने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "फाइल नसणार हो," तो म्हणाला, "एवढ्या किरकोळ केसचे कागद मुदत संपली की नष्ट करतात." मग तोच म्हणाला, "पण रजिस्टर बघतो." कापडात बांधलेलं फौजदारी रजिस्टर निघालं. पान कसरीने खाल्लेलं, शाई तपकिरी झालेली. आमची नावं एकाखाली एक, सगळ्यांची जात-धंदा-वय. बऱ्याच जणी आता नाहीत. शेवटच्या रकान्यात सरकार पक्षाने खटला मागे घेतल्याचा आणि आरोपींच्या मुक्ततेचा शेरा होता. त्या पानाची शिक्क्यानिशी नक्कल मिळाली आणि मूळ कागद नष्ट केल्याचा दाखलाही. बाहेर येऊन मी बसस्थानकावर भजी खाल्ली. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, भूक मात्र सडकून लागली होती.

मुंबईला बोटांचे ठसे आणि फोटो आदल्या दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी. अमेरिकन वकिलात पूर्वी ब्रीच कँडीला समुद्रासमोर लिंकन हाऊसमध्ये होती, २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. सकाळी तिथल्या रांगेत उभं राहिलं की अर्धा महाराष्ट्र आणि अर्धा गुजरात भेटतो. फोन आत नेता येत नाही, त्यामुळे आसपास तो सांभाळायचाही धंदा चालतो. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल, तीत एफडीच्या पावत्या, सातबारा, मुलाचं पत्र. इथे मूळ गृहीतच असं असतं की आलेला माणूस तिकडेच राहायला निघालाय. तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. म्हणून लोक आपली घरं, जमिनी, नातवंडं कागदावर घेऊन येतात. माझ्या फाइलमध्ये सुपारीच्या बागेचा सातबारा होता, रजिस्टरची नक्कल होती आणि जावयाने हट्टाने छापून पाठवलेला अॅम्नेस्टीचा अहवाल होता. एकशे पंच्याऐंशी डॉलर फी भरून मी माझ्याच अटकेचं दप्तर घेऊन उभी होते.

खिडकीपलीकडे एक तरुण अधिकारी, शेजारी मराठी बोलणारी दुभाषी मुलगी. कोणाकडे जाणार, किती दिवस, जावई काय करतो हे झालं. मग तो पडद्यावर वाचू लागला आणि वाचतच राहिला.

"मोर्चा कशासाठी होता?"

"आमच्या गावात वीज प्रकल्प येत होता. त्याच्याविरुद्ध."

"हिंसा झाली होती?"

"मी पत्रक वाचत होते."

"प्रकल्प कोणाचा होता?"

दुभाषी मुलीने विचारलं, पण उत्तर तिला भाषांतरावं लागलं नाही. मी "एन्रॉन" म्हटलं आणि त्याने एकदम मान वर केली. तो काही तरी म्हणाला. मुलगी जरा घुटमळली, मग म्हणाली, "सर म्हणतायत, त्यांना कॉलेजात हा विषय शिकवला होता. कंपन्यांनी कसं वागू नये, त्यात."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, आम्ही त्यांच्या कॉलेजच्या आधीच शिकलो." ती हसली. तिने ते भाषांतरित केलं की नाही, मला माहीत नाही.

व्हिसा लगेच मिळाला नाही. कलम २२१(जी) ची चिठ्ठी हातात आली, म्हणजे अर्ज तपासणीसाठी थांबला. नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर त्यांनी ठेवून घेतलं, अॅम्नेस्टीचा अहवाल मात्र परत सरकवला. गावाला परत आले तर पोफळींना पाणी लावायची वेळ, त्यामुळे वाट बघणं फारसं जाणवलं नाही. शेजारणी विचारत, "काय म्हणते तुझी अमेरिका?" पुढे पासपोर्ट आला, त्यात दहा वर्षांचा व्हिसा.

त्या मधल्या दिवसांत मी वाचनालयातल्या माणसाची खोड म्हणून इतर देशांचे अर्ज उघडून बघितले. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाच्या अर्जात असा प्रश्नच नाही. इंग्लंडला झालेल्या शिक्षेशी आणि चालू खटल्याशी मतलब आहे. आपला पासपोर्टचा कायदा, १९६७ चा, विचारतो की सध्या फौजदारी खटला चालू आहे का आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांहून कमी नाही अशी कैद झाली का. माणसाला विसरू देण्याची प्रत्येक सरकारची मुदत वेगळी. अमेरिकेच्या अर्जात मुदत नाहीच. जन्मात कधीही, कुठेही. आणि तो प्रश्न खून करून सुटलेल्याला आणि जमावबंदीत पत्रक वाचणाऱ्या बाईला एकाच ओळीत विचारतात. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, निवृत्त झाले, तरी त्यांच्या संघटनेवरच्या जुन्या शिक्क्यामुळे २००८ पर्यंत त्यांना अमेरिकेत यायला खास सूट लागत होती. कायदा बदलून ती नोंद काढावी लागली. एक चिठ्ठी सोसायला मग मला काय झालं होतं?

ऑक्टोबरअखेर निघाले, दोह्यामार्गे. मुंबई ते दोहा फारसं सांगण्यासारखं नाही. पुढचं विमान सोळा-एक तासांचं. उडाल्यावर खाली आखातात जहाजांचे दिवे दिसत होते. आमच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालला, पण पुढे ओमान आणि अबू धाबीहून द्रवरूप वायू जहाजाने आणायचा बेत होता. त्या जहाजांसाठी आमच्या किनाऱ्यावर बंधारा घालायचा होता आणि त्या बंधाऱ्यासाठी मच्छीमारांनी सरकायचं होतं. शेजारच्या सीटवरचे गृहस्थ झोपले होते, नाहीतर मी त्यांना हे नक्की सांगितलं असतं.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत घ्यायचं की नाही हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. ह्यूस्टनच्या जॉर्ज बुश विमानतळावर त्याने माझा पासपोर्ट यंत्रात घातला, पडद्याकडे बघितलं आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. तिथे खुर्च्यांवर बसलेल्या माणसांत एक मेक्सिकन आजी होती, एक विद्यार्थी होता, दोन लहान मुलं घेतलेली एक बाई होती. बोलायला मनाई नव्हती, तरी कुणी बोलत नव्हतं. फोन वापरायचा नाही अशी पाटी. बाहेर लेक, जावई आणि नात उभी असणार, आणि आई कुठे अडकली हे लेकीला कळायला मार्ग नाही. १९९७ ला अंगणात उभी होती तशीच ती पुन्हा उभी असेल, या विचाराने मला पहिल्यांदा त्या अटकेचा राग आला. इतकी वर्षं तो आला नव्हता.

माझं नाव पुकारलं. बाईच होती अधिकारी, कमरेला पिस्तूल, आवाज मऊ. अटकेबद्दल तिने दोन प्रश्न विचारले. मी घोकून ठेवलेली तीन इंग्रजी वाक्यं म्हटली. तिने नकलेवरचा कोर्टाचा गोल शिक्का निरखून पाहिला. मग खरी चौकशी सुरू झाली.

"पिशवीत खायचं काय आहे?"

कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं, डाळीचं तिखट. आमसुलं तिने हातात घेऊन उलटीपालटी केली, वास घेतला. "हे काय?" मी सांगितलं, "फळ, वाळवलेलं, आमटीत घालायचं." पत्रक वाचण्याचा गुन्हा तिने दोन मिनिटांत निकाली काढला होता, आमसुलांना जास्त वेळ लागला. शेवटी शिक्का पडला, सहा महिने राहायची परवानगी मिळाली. बाहेर लेकीचे डोळे लाल. नात मात्र आजीच्या पिशवीकडे बघत होती.

ह्यूस्टन हे चालायचं गाव नाही. लेकीचं घर शुगर लँडमध्ये. तिथून भाजी आणायलाही गाडी. शहराच्या मधल्या भागात उंच इमारती दाटीने उभ्या, पण रस्त्यावर माणूस नाही. दुपारी जेवायच्या वेळी माणसं असतात ती जमिनीखाली. इमारती एकमेकींना भुयारांनी जोडलेल्या आहेत, मैलोन् मैल, त्यात दुकानं, न्हावी, खानावळी. उन्हाळ्यात इथे बाहेर निघवत नाही, म्हणून ही सोय. मला गुहागरची चौपाटी आठवली, सुरूच्या सावलीतली, आणि मग मी आठवणं बंद केलं. तुलना करत फिरणाऱ्या पाहुण्यांचा मला स्वतःला कंटाळा येतो.

जावई गॅसच्या पाइपलाइनींचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहितात. म्हणजे माझा जावई त्याच धंद्याच्या कडेला बसलाय, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे आणि त्यांनाही माझं माहीत आहे. एका शनिवारी तेच म्हणाले, "आई, चला, तुम्हाला तुमची इमारत दाखवतो."

१४०० स्मिथ स्ट्रीट. पन्नास मजल्यांची, दोन बाजू गोल केलेली, काचेची. समोर १५०० लुइझियाना ही दुसरी, चाळीस मजल्यांची, तीही एन्रॉननेच बांधायला घेतलेली, आणि दोन्हींना जोडणारा रस्त्यावरून गेलेला गोल पूल. आता दोन्ही इमारती शेव्हरॉन या तेल कंपनीकडे आहेत. दारात एन्रॉनचं ते तिरकं इंग्रजी 'ई' अक्षर होतं, २००२ मध्ये लिलावात ते चव्वेचाळीस हजार डॉलरना गेलं. मी फुटपाथवर उभी राहून वर बघत होते. मान दुखली. आमच्याकडे गोपाळगडावरून प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात, त्या बघताना मला नेहमी वाटायचं की हे ज्यांनी ठरवलं ते बसतात तरी कुठे? तर ते इथे बसायचे. साधी कचेरी निघाली. असं काही बघितल्यावर माणसाला काही तरी मोठं वाटावं अशी अपेक्षा असते, जावयांचीही होती, ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला आठवलं ते एवढंच की आमच्या पत्रकांत 'ह्यूस्टन' कधी दीर्घ, कधी ऱ्हस्व छापलं जायचं आणि प्रेसवाल्याशी माझी त्यावरून भांडणं व्हायची.

एक पहारेकरी आला. काही अडचण आहे का, विचारलं. जावयांनी सांगितलं, या भारतातून आल्यात, एन्रॉनची इमारत बघायची होती. तो कृष्णवर्णीय, माझ्याच वयाचा. म्हणाला, अजून लोक येतात बघायला. फोटो काढा, पण दरवाजा अडवू नका. मी दरवाजा अडवत नव्हते. जन्मात एकदा अडवला होता, तो इथून फार लांब.

तिथून जवळच रस्क स्ट्रीटवर संघराज्याचं न्यायालय आहे. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी काही महिने, मे महिन्यात, आमच्या वीज मंडळाने तिची वीज घेणं बंद केलं होतं आणि अंजनवेलचा प्रकल्प थंड पडला होता. पुढे २००६ मध्ये या न्यायालयात कंपनीचे संस्थापक केनेथ ले आणि प्रमुख अधिकारी जेफ्री स्किलिंग यांच्यावर खटला चालला. मे महिन्यात दोघेही फसवणुकीत दोषी ठरले. स्किलिंग यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे चौदावर आली, २०१९ मध्ये ते सुटले. ले यांचं शिक्षा सुनावण्याआधीच, ५ जुलैला, हृदयविकाराने निधन झालं. आणि अपील करायची संधी मिळण्याआधी माणूस गेला तर दोषसिद्धी पुसली जाते असा तिथला नियम, त्यामुळे ऑक्टोबरात न्यायाधीशांनी ती रद्द केली. हे जावयांनी मला न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर सांगितलं, मला आधी माहीत नव्हतं.

"म्हणजे त्यांच्या नावावर काही नाही?" मी विचारलं.

"कायद्याने काही नाही."

मी पिशवीतली नक्कल चाचपली. ह्यूस्टनमध्ये असेपर्यंत मी ती बरोबरच ठेवत होते, वकीलबाईंनी सांगितलं होतं म्हणून. माझ्यावरचा खटला काढून घेतला तरी रजिस्टर राहिलं, रजिस्टर राहिलं म्हणून मला तो कागद मिळाला आणि कागद मिळाला म्हणून मी इथे उभी होते. ले यांचं पुसलं गेलं तेही नियमानेच. दोन्ही बरोबर असतील. पण त्या पायऱ्यांसमोर ते मला पचलं नाही, आणि आजही पचलेलं नाही.

दिवाळीचा फराळ तिथल्या मराठी मंडळींनी एका शाळेच्या सभागृहात केला होता. चकल्या खुसखुशीत होत्या, नाटुकलं लांबलं. माझ्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले काका बसले होते, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, निवृत्त इंजिनिअर. गुहागर म्हटल्यावर त्यांनी डोळे बारीक केले. "एन्रॉनचं गुहागर?" मग म्हणाले, "मी पलीकडच्या इमारतीत कामाला होतो. दिवाळखोरीच्या दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघितलं. माणसं खोके घेऊन बाहेर येत होती. एका दिवसात चार हजार माणसं काढली. कुणी फुटपाथवरच बसलं होतं. आपली मुलंही होती त्यात, एच-१ वाली. नोकरी गेली की व्हिसाही जायचा." थोडं थांबून म्हणाले, "तुम्ही तिकडे अडवत होतात तेव्हा आम्ही इथे म्हणायचो, हे लोक विकासाच्या आड येतात."

"आणि आता?"

"आता चकली घ्या," काका म्हणाले. मी घेतली.

हिलक्रॉफ्ट रस्त्यावर साड्या, सोनं आणि दोसे मिळतात, त्या भागाला महात्मा गांधींचं नाव आहे. हर्मन पार्कमध्ये गांधीजींचा पुतळाही आहे. तिथे एक शाळकरी मुलगा आईला वाचून दाखवत होता की यांना अनेकदा तुरुंगात टाकलं होतं. नातीने मला विचारलं, "आजी, तू पण?" तिला कुणी सांगितलं, कळलं नाही. आईनेच सांगितलं असणार. मी म्हटलं, "थोडेच दिवस." तिला ते कमी वाटलं.

डिसेंबरच्या २ तारखेला सकाळी जावई वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात आले. पानभर जाहिरात, एन्रॉन परत येत आहे. लेकीने फोनवर चित्रफीत लावली. हसरी माणसं, सूर्योदय, ऊर्जेचं भविष्य. दिवाळखोरीचा बरोबर तेविसावा वाढदिवस. क्षणभर माझ्या पोटात खरंच गोळा आला. मग जावयांनी खालची बारीक अक्षरं वाचली, हे सगळं विडंबन होतं. काही पोरांनी ते नावच काही वर्षांपूर्वी दोनशे पंच्याहत्तर डॉलरना विकत घेऊन ठेवलं होतं. माझ्या व्हिसाच्या फीवर आणखी नव्वद डॉलर घातले असते तर एन्रॉन माझ्या नावावर झाली असती! हा हिशेब मी वेलदूरच्या मावशींना फोन करून सांगितला. त्या एवढ्या हसल्या की त्यांच्या सुनेने फोन काढून घेतला आणि काय झालं म्हणून विचारलं.

आता परत जायच्या आधी लेकीला मला नायगारा दाखवायचाय, आणि धबधबा म्हणे कॅनडाच्या बाजूने जास्त चांगला दिसतो. म्हणजे कॅनडाचा व्हिसा. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. तो प्रश्न आलाच, इथे जरा आणखी ऐसपैस. कुठल्याही देशात कधी गुन्हा केला, अटक झाली, आरोप ठेवला गेला किंवा शिक्षा झाली?

"चार गोष्टी आहेत आई, आणि खूण एकच."

"हो कर."

तिने केली. खाली चौकट उघडली. जुनी तीन वाक्यं तिने तशीच उचलून आणली आणि थांबली. "वीज प्रकल्प एवढंच ठेवू, की कंपनीचं नाव घालू?"

"घाल," मी म्हटलं. "स्पेलिंग आता सगळ्यांना येतं."